शेवटचा स्क्रू मालकाचा

गल्लीच्या टोकाला जो लांबुडका हॉल आहे तो सकाळी म्हाताऱ्यांचा, दुपारी बायकांचा आणि संध्याकाळी पोरांचा. सकाळी सहाला गुडघेदुखीवाली मंडळी हात वर करून 'आई गं' म्हणत व्यायाम करतात. दुपारी शिवणवर्गाच्या चार मशिनी खडखडतात आणि त्यांच्याहून वरचा आवाज काढून बायका बोलतात. संध्याकाळी एका कोपऱ्यात बुद्धिबळ, दुसऱ्यात कॅरम, आणि मधल्या जागेत कोण कुणाच्या पायात येतंय त्याला काही धरबंध नाही. रविवारी मात्र हॉल सगळ्यांचा. दहा वाजले की खिडकीजवळच्या लांब टेबलावर जाड सतरंजी अंथरली जाते आणि आठवडाभर बिघडलेलं अख्ख्या गल्लीचं सामान तिथं येऊन पडतं.

हे टेबल वायरमनकाकांचं.

काकांनी छत्तीस वर्षं सूतगिरणीच्या देखभाल खात्यात काढली. निवृत्त झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत त्यांनी घरातला पंखा सात वेळा खोलला. सातव्यांदा बायको कमरेवर हात ठेवून शिडीखाली उभी राहिली. म्हणाली, "तो बिचारा आता फिरायलाच घाबरतोय. जा, बाहेर कुणाचं तरी काहीतरी खोला."

तसे ते हॉलवर गेले आणि तिथलेच झाले. पण फुकट दुरुस्तीचं दुकान त्यांना मांडायचं नव्हतं. गिरणीत त्यांना एक गोष्ट आयुष्यभर खुपली होती. मशीन बंद पडलं की शंभर जण ओरडायचे, चालू झालं की एकही जण विचारायचा नाही, काय झालं होतं रे? म्हणून त्यांनी नियम केला. ज्याची वस्तू त्यानं शेजारच्या स्टुलावर बसायचं, बॅटरी धरायची, आत काय आहे ते बघायचं. आणि झाकण बसवताना शेवटचा स्क्रू मालकानं स्वतःच्या हातानं पिळायचा. हॉलच्या मॅडमनी ते मोठ्या अक्षरात पाटीवर लिहून दिलं. मॅडम म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. हॉलचा सगळा कारभार त्यांच्याकडे.

तो शेवटचा स्क्रू भलताच गाजला. कुणी पिळला की कॅरमवाले खेळ थांबवून टाळ्या वाजवायचे. ऐंशीची आजी मिक्सरचा स्क्रू पिळून लाजायची. काका वरून म्हणायचे, "झालं! आता बिघडला तर माझ्याकडे यायचं नाही हं, दुरुस्त तुम्ही केलाय." सगळे हसायचे. नऊ वर्षं हसत होते.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी शिवणवर्गातली एक सून इस्त्री घेऊन आली. वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी ती. इस्त्रीची वायर भाजून काळी झाली होती. काकांनी नवी वायर घातली, तिनं पिळला स्क्रू, झाल्या टाळ्या. मंगळवारी तिची सासू ती इस्त्री कपड्यांवर फिरवायला बसली. शॉक लागला, म्हातारी मागं फेकली गेली ती पलंगाच्या कडेवर, आणि खुब्याचं हाड मोडलं.

सासू जात्याच तोंडाळ. ऑपरेशन होऊन तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्यांना म्हणाली, "सूनबाईनं माझा फ्यूज उडवायचा बेत केला होता. पण माझं वायरिंग जुनं आहे हो, दणकट! टिकलं." सगळे पोट धरून हसले. ती गंमत दवाखान्यातून गल्लीत यायला निघाली आणि वाटेत कुठंतरी तिच्यातलं हसू गळून पडलं. शिवणवर्गात पोचली तेव्हा नुसतं एवढंच उरलं होतं की शेवटचा स्क्रू सुनेनंच पिळला होता.

"घट्ट पिळला असणार. आतली वायर चेपली."

"राग काय असा तसा निघतो का?"

"शांत बायकांचं काही सांगता येत नाही बाई."

सुनेनं वर्गाला येणं सोडलं.

वायरमनकाकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण एक गोष्ट त्यांना आठवत होती आणि एक आठवत नव्हती. त्या दिवशी टाळ्या वाजल्या, हे आठवत होतं. पण झाकण बंद केल्यावर इस्त्री चालू करून तिच्या पत्र्याला टेस्टर लावून बघायचा असतो, दिवा लागला तर वीज पत्र्यात उतरलीय. तो टेस्टर आपण लावला का? गिरणीत हे केल्याशिवाय त्यांनी एकही मोटर कधी हातातून सोडली नव्हती. नवीन पोरांना त्यावरून कानाखाली ठेवून दिल्या होत्या. आणि आता काही केल्या तो टेस्टर हातात आलेला आठवेना.

शेवटी गुरुवारी सकाळी ते सुनेच्या घरी गेले. घरात ती एकटीच होती, दवाखान्यात न्यायचा डबा भरत. काकांना बघून तिनं आधी त्यांच्या खांद्यावरून मागं पाहिलं, आणखी कुणी बरोबर आलंय का म्हणून.

"बसा काका. पाणी आणते."

"पाणी नको. ती इस्त्री आहे का गं?"

तिनं बाल्कनीतून एक प्लास्टिकची पिशवी आणली, मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत. "हे म्हणाले फेकून दे. मी म्हटलं, फेकली तर लोक म्हणतील पुरावा फेकला."

काकांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. खिडकीकडं तोंड करून बसले. मागचं झाकण निघालं आणि सगळं दिसलं. बघायला दोन क्षणसुद्धा लागले नाहीत. लाल वायरीची केसाएवढी एक तार बाहेर सुटून पत्र्याला टेकली होती. आणि हिरवी वायर, जी अशा वेळी वीज जमिनीत नेऊन माणसाला वाचवते, ती जोडलेलीच नव्हती. बाजूला वाकवून ठेवली होती. त्यांच्याच बोटांनी वाकवलेली. तिच्या टोकाची पितळी कडी तुटली होती, दुसरी डब्यात शोधायची म्हणून त्यांनी ती जरा दुमडली. तेवढ्यात व्यायामवाल्यांचा रेडिओ बंद पडला म्हणून ओरडा झाला, ते उठून गेले, परत आले तर सून झाकण बसवून स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन वाट बघत होती. "पिळू काका?" "पिळा, पिळा!"

सगळं आठवलं. टेस्टर लावलाच नव्हता. टाळ्या ऐकत उभे होते.

"काका," मागून सून म्हणाली. ती जवळ आली नव्हती, दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "मी जास्त पिळला का हो?"

काकांनी झाकण परत लावलं.

"तसं सांगता येत नाही," ते म्हणाले. "जुनी वस्तू आहे. बघावं लागेल नीट."

"म्हणजे पिळलाच असणार." ती डब्याकडं वळली. "माझ्या हातानं बसतच नव्हता तो स्क्रू. म्हणून जोर लावला. टाळ्या वाजवत होते ना सगळे, मला वाटलं हळू पिळला तर हसतील."

काका उठले. इस्त्री काखेत मारली. "घेऊन जातो."

"न्या. घरात नकोच."

जिना उतरताना चौथ्याच पायरीवर ते कठड्याला धरून बसले. वर तिनं कुकरचं झाकण आपटलेलं ऐकू आलं. परत वर जावं, चार पायऱ्या तर आहेत. पण ते गेले नाहीत.

घरी बायकोनं पिशवी बघितली, मग त्यांचं तोंड बघितलं. "खोललीत ना?"

"खोलली."

"मग?"

त्यांनी सगळं सांगितलं. बायको गव्हाचं ताट मांडीवर घेऊन खडे वेचत होती. वेचायची थांबली नाही. "आणि तिला काय सांगितलंत?"

"अगं, टेबल बंद होईल. हॉलच बंद करतील. म्हातारी मंडळी कुठं जातील? पोरं..."

"तिला काय सांगितलंत, एवढंच विचारलं मी."

काकांनी पिशवी कोपऱ्यात सरकवली. बायको म्हणाली, "मी काही बोलत नाही," आणि खरंच बोलली नाही. त्या दिवशी नाही, शुक्रवारी नाही. बेचाळीस वर्षांत हिनं एकदा तरी गप्प बसावं अशी काकांची इच्छा होती. ती अशी पुरी होईल असं वाटलं नव्हतं.

हॉलबद्दलची त्यांची भीती खोटी नव्हती. कुणीतरी तक्रार केली होती. ज्या कार्यालयाच्या मालकीचा हॉल, तिथून पत्र आलं होतं. दुरुस्तीच्या टेबलामुळं अपघात झाला का, लेखी कळवा. झाला असेल तर हॉलचा वापर थांबवावा लागेल. शनिवारी मॅडम स्वतः काकांच्या घरी येऊन गेल्या.

"तुम्ही काळजी करू नका. तुमचा नियमच आपल्याला वाचवणार आहे. शेवटचा स्क्रू मालकाचा, म्हणजे शेवटची जबाबदारी मालकाची. पाटी नऊ वर्षं भिंतीवर आहे. तसं त्या मुलीकडून लिहून घेऊ. तिची ना नाही."

"ती तयार आहे?"

"अहो, तिला स्वतःलाच तसं वाटतंय," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुष्टावा नव्हता. सकाळच्या व्यायामाला येणाऱ्या बहात्तर जणांची नावं त्यांना पाठ होती, आणि त्यांतल्या निम्म्यांना दिवसभरात बोलायला दुसरं माणूस नव्हतं हेही ठाऊक होतं.

रविवारी दहाला हॉल भरला. टेबलावर सतरंजी होती, सामान नव्हतं. कॅरमवाले बोर्ड भिंतीला टेकवून बसले होते. सून पहिल्या रांगेत, मांडीवर रिकामी पिशवी, तिच्या बंदाला पीळ घालत, सोडत, परत घालत. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मोकळ्या होत्या. हॉलमध्ये मागं माणसं उभी होती, तरी मोकळ्या होत्या.

मॅडमनी कागद वाचला. सदर इस्त्रीचा शेवटचा स्क्रू मी स्वतः पिळला. तो प्रमाणाबाहेर घट्ट झाल्यानं आतील वायर दबली असावी. याबाबत दुरुस्ती टेबलाची कोणतीही चूक नाही.

"बरोबर आहे ना गं बाळ?"

सुनेनं मान हलवली. मॅडमनी पेन पुढं केलं.

कॅरमचा राजा म्हणवणारा जाडा गडी मागून म्हणाला, "वहिनी, सहीपण जरा हळू करा हो, पेन मोडेल." दोघं-तिघं फिसकन हसले. सुनेनंही हसायचा प्रयत्न केला. ओठ हलले, बाकी चेहरा जागचा हलला नाही. मग तिनं पेन घेतलं आणि कागद मांडीवर सरळ केला.

"थांब," वायरमनकाका म्हणाले.

 त्यांनी आपल्या पिशवीतून इस्त्री काढून टेबलावर ठेवली आणि झाकण उघडायला लागले. तो एक स्क्रू काही सुटेना, स्क्रूड्रायव्हर दोनदा खाचेतून निसटला. कुणी पुढं झालं नाही. अखेर सुटला.

"या. बघा. आपल्या नियमात आत बघायचं असतं." ते मान वर न करता बोलत होते. "ही लाल तार. ही मी सोडली. ही हिरवी. ही मी जोडली नाही. कडी शोधायला गेलो आणि विसरलो. आणि टेस्टर लावला नाही. स्क्रू ह्या वायरींपासून चार बोटं लांब आहे. तो पिळून पिळून तुटला असता तरी वायर चेपली नसती. तिचा काही संबंध नाही. झाली ती माझी चूक आहे."

व्यायाममंडळातले एक आजोबा टेबलाशी आले, चष्मा कपाळावर सारून वाकून बघितलं आणि परत जागेवर जाऊन बसले. कॅरमचा राजा बुटाची नाडी बांधायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

मॅडमनी कागदाची घडी केली. एकदा, दोनदा, अगदी लहान होईपर्यंत. "काका, हे मला काल सांगितलं असतंत तर..." त्या थांबल्या. "टेबल आजपासून बंद. कार्यालयाला मी हेच कळवते. हॉलचं काय होईल ते मला आत्ता सांगता येणार नाही."

"कळवा," काका म्हणाले.

त्यांना वाटलं होतं, बोलून टाकलं की छातीवरचा दगड उतरेल. त्यांनी सुनेकडं पाहिलं. ती रडेल, किंवा हात जोडेल, किंवा निदान सुटल्यासारखा श्वास तरी टाकेल. ती त्यांच्याकडंच बघत होती.

"गुरुवारी तुम्ही घरी आला होतात," ती म्हणाली.

"हो."

"खिडकीत बसून उघडली होतीत."

"हो."

"तेव्हा दिसलं होतं हे?"

काकांनी हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला.

"दिसलं होतं," काका म्हणाले.

"मी तुम्हाला विचारलं होतं. मी जास्त पिळला का, असं विचारलं होतं." तिचा आवाज चढला नाही. वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी ती, तेवढ्याच आवाजात बोलत होती, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होतं. "गुरुवारी डबा घेऊन गेले तर सासूबाईंनी नर्सला सांगितलं, आधी हिला एक घास खायला लावा. गमतीनं म्हणाल्या. मी खाल्ला. शुक्रवारी खाल्ला. काल ह्यांनी विचारलं, खरं सांग, तुझ्या मनात काही होतं का. मी म्हटलं नव्हतं. पण मग मलाच कळेना, होतं की काय. काल सकाळपासून मी तेच शोधत बसलेय, माझ्या मनात."

काकांनी काही म्हणायला तोंड उघडलं.

"नका," ती म्हणाली. "मला नका सांगू काही. बाराला भेटायची वेळ सुरू होते. ह्यांच्यासमोर आणि सासूबाईंसमोर सांगा. इस्त्री घेऊन चला. उघडून दाखवा त्यांना, कोणती लाल, कोणती हिरवी. आणि गुरुवारचंपण सांगा. तेही सांगायचं."

ती उठली आणि दाराकडं चालायला लागली. मधे उभी असलेली माणसं बाजूला झाली. शिवणवर्गातल्या एकीनं तिचा हात धरायला हात पुढं केला, तो तिनं धरला नाही, झटकलाही नाही.

काकांनी झाकण तसंच उघडं ठेवून इस्त्री पिशवीत घातली. सुटा स्क्रू खिशात टाकला. टेबलावरची सतरंजी जरा वाकडी झाली होती, ती सरळ करायला हात गेला, तो त्यांनी मागं घेतला. बाहेर ऊन चटचटत होतं. ती भराभर चालत होती, आणि ते मागून, दहा-बारा पावलांचं अंतर ठेवून. अंतर कमी करावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं. कोपऱ्यावर ती थांबली, मागं वळून न बघता, ते येईपर्यंत. मग पुन्हा चालायला लागली.