मनगटावरचा हिरवा दोरा

आत्या गेल्याची तार कुर्डुवाडीला आली तेव्हा वडील स्टेशनातच ड्यूटीवर होते, म्हणून मिळेल ती गाडी धरून आम्हांला वेळेत सोलापूर गाठता आलं. अंगणात पाणी तापलं होतं. मागच्या छपरात हिरव्या सुताच्या लडी टांगलेल्या होत्या आणि दाराशी म्हातारा नरसय्या उभा होता. तो तिचा जुना विणकर, आणि लडी त्याच्यासाठीच रंगवलेल्या. पण त्या दिवशी लडींचं नाव कोण काढणार...

आत्या नवऱ्यामागे त्याची सूत रंगवायची रंगशाळा चालवायची. मी तेव्हा पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकणारी, सुटीत तिच्याकडे येणारी आणि फारसं न बोलणारी. समुद्रापलीकडून आलेल्या रंगाच्या डब्यांवरची अक्षरं तिला वाचून दाखवणं हे माझं काम. त्या डब्यांवर ती खूश असे. पूर्वी लाल रंगासाठी आल नावाच्या झाडाच्या मुळ्या कुटून दिवसचे दिवस उकळाव्या लागत. डबे आले आणि दुपारी दारात बसून पान खायला तिला सवड मिळू लागली. चौदा सालच्या महायुद्धात ते यायचे थांबले, तेव्हा पुन्हा मुळ्या कुटताना तिचे खांदे जे दुखावले ते कायमचेच. तरी नव्या डब्यावर ती डोळे झाकून विश्वास टाकत नसे. त्यातल्या रंगाचा एक दोरा मनगटाला बांधायची. धुणं, भांडी, घाम, आंघोळ हे सगळं होऊनही पाणी स्वच्छ निघालं की दोरा सोडायची, छपराच्या खिडकीच्या गजाला बांधायची, आणि मगच लडी विणकराच्या हाती द्यायची. विधवेच्या हातात लाल दोरा, म्हणून आळीत कुजबुज झाली. “नटत न्हाय मी,” ती म्हणाली, “परीक्षा घेते. काठाचा रंग लुगड्याच्या अंगात उतरला तर लोक नरसय्याला नावं ठेवत्यात, डबेवाल्या सायबाला न्हाय.”

परदेशी मालाच्या होळ्या सुरू झाल्या त्या दिवसांत माझा दादा खादी घालून आला आणि सगळे डबे रस्त्यावर आण म्हणाला. आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“आणते की. पर तुज्या धोतराचा काठ कुटल्या रंगाचा हाय, ते आदी सांग.”

काठ तिनेच रंगवलेला होता. दादालाही हसू आलं. मग आत जाऊन तिने जपानी नकली रेशमाचं एक चकचकीत बंडल आणून त्याच्या हाती दिलं. तसल्या स्वस्त लुगड्यांनी सात रस्ता चौकातली दुकानं भरली होती आणि नरसय्याचा माग बसला होता. “ह्ये जाळ. आंघोळीत भिजलं आन् मनगटावरच तुटलं. जगातनं काय यायचं ते येऊ दे बाबा, पर माज्या मनगटावरनं जाऊ दे.” दादाचं समाधान झालं नाही, तो न जेवताच गेला. मला दोघांचंही पटत होतं.

तिच्या शेवटच्या आंघोळीला बायकांनी पाण्याचा तांब्या माझ्या हाती दिला. मनगटावर हिरवा दोरा तसाच होता. कुणीतरी कात्री आणली, तेव्हा मी राहू द्या म्हणाले. पाणी त्या दोऱ्यावरून तिच्या तळहातात उतरलं आणि मी पाहत राहिले.

सुतक फिटल्यावर नरसय्या आला. माग रिकामा पडलेला, तरी तो लडींना हात लावेना.

“अक्कानं दोरा सोडला न्हवता, ताई.”

“तिच्या आंघोळीचं पाणी मी पाहिलं,” मी म्हटलं. “स्वच्छ होतं. घेऊन जा.”

तो लडींपाशी गेला. मग एकेक लड उतरवून खांद्यावर घेतली.

मी अजून सोलापुरातच आहे. खिडकीच्या गजावर तिने सोडलेले सगळे दोरे आहेत, हिरवा तेवढा तिच्याबरोबर गेला. काल निळ्या रंगाचा नवा डबा उघडला. एका हाताने मला दोरा बांधता येईना, तेव्हा नरसय्याने गाठ मारून दिली.