बसते की नाही बसत

काकाजी एसटीत बसले की त्यांच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला, गाडीचा एखादा मेलेला पार्ट असायचा. शेजारचा माणूस जेवणाचा डबा समजून अदबीने सरकून बसे. वणीच्या कबाडखान्यातून जुना माल घ्यायचा तर आपला पार्ट सोबत न्यायचाच, हा त्यांचा नेम. मारेगाव ते मुकुटबन धावणाऱ्या त्यांच्या प्रवासी व्हॅनचे पार्ट कंपनीने बनवणं कधीच सोडलं होतं.

मी त्यांची पुतणी. वणीत नोकरीला असल्यामुळे त्यांना स्टँडवरून कबाडखान्यात मीच न्यायची. तिथे ते मुलगी बघायला आल्यासारखे ऐटीत बसत. कबाडीवाला म्हणे, "आंख बंद करके घ्या काकाजी, सेम आहे."

"आंख बंद करून तं ब्रेकही लागत नाही, बाबा," काकाजी म्हणत. मग माझ्याकडे वळून, "नावावर जाऊ नोको, पोरी. नाव तेच ठेवतात अन् आतून गाडी बदलवून टाकतात." ते दोन्ही पार्टांची भोकं एकमेकांवर ठेवून बघत, घेर सुतळीने मोजत, आणि निकाल देत: बसते, किंवा नाही बसत. त्यावर अपील नसे.

त्यांच्या मुलाने, सुमेधने, त्याच व्हॅनचं नवं मॉडेल घेतलं आणि हौसेने ब्रेकचे ड्रम निळे रंगवले. काकाजींनी कपाळावर हात मारला. "चाकाच्या आतमंदी रंग? कोन पाहून राह्यलं बे?"

"मले मालूम आहे ना, बाबा," सुमेध हसला.

राजूरजवळ कोळशाच्या ट्रकने ती व्हॅन समोरून चिरडली. सुमेध जागीच गेला. गाडी नातेवाइकांनी परस्पर विकून टाकली. कुठे, ते काकाजींनी विचारलं नाही. काही दिवसांनी ते पुन्हा आपल्या व्हॅनवर गेले. घर तिच्यावरच चालत होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात तिचा मागचा ड्रम तडकला आणि काकाजींनी प्रवासी घेणं बंद केलं. जुन्या मॉडेलचा ड्रम कुठेच मिळेना. शेवटी कबाडीवाल्याने धुळीने माखलेला एक समोर टाकला. "नव्या मॉडेलचा आहे. पाहून घ्या."

काकाजींनी तो टॉवेलाने पुसला. खालून निळा रंग निघाला.

मला वाटलं, आता उठतील. पण त्यांनी नेहमीसारखी भोकं जुळवली, सुतळी काढली. सुतळीचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं. भोकं जुळत होती. घेरही बरोबर होता.

"नाही बसत," काकाजी म्हणाले.

कबाडीवाला हुज्जत घालत राहिला. मी सुतळी गुंडाळून ठेवली. पार्टाच्या बाबतीत काकाजी कधी खोटं बोलले नव्हते.

पावसाळाभर व्हॅन दारात उभी राहिली आणि काकाजी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झाले. दिवाळीच्या आधी त्यांनी ती त्याच कबाडखान्याला विकली. ती ओढून वणीत आणली, तेव्हा कबाडीवाल्याने फाटकापाशी जागा दाखवली.

"इथं नोको," काकाजी म्हणाले. "निळ्या ड्रमच्या गाडीजवळ लावू दे."

"तिचं सगळं खोलून झालं, काकाजी. आता काय राहिलं तिथं?"

"जागा तं आहे ना?"

त्यांनी स्टेअरिंग धरलं आणि मी मागून ढकलू लागले.