कुबडी कोणाकडे

माझी कुबडी ड्रिलमास्तरांच्या हातात होती आणि मी मैदानाच्या मधोमध एका पायावर उभी होते. अकरा-बारा वर्षांची. समोर मांडवात ठाण्याहून आलेले साहेब आणि गावातली बडी मंडळी. मास्तरांनी कुबडी साहेबांच्या खुर्चीला टेकवली आणि मला म्हणाले, "ये, घेऊन जा बघू."

मी उड्या मारत गेले. पोचले तशी त्यांनी ती उचलली आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेली. लोक हसले. मी वळले. पुन्हा उड्या. साहेब म्हणाले, "सर्कसवाले घेतील हो हिला." मग टाळ्या पडल्या. माझे वडीलही टाळ्या वाजवत होते.

मीनू, परवा तू परदेशातून फोनवर सांगितलंस की खेळाचा सराव सुरू झाला की तुमचे कोच सगळ्यांच्या चाकांच्या खुर्च्या आतल्या खोलीत ठेवून कुलूप लावतात. जमिनीवरच्या व्यायामाने हात मजबूत होतात म्हणून. ते किती चांगले आहेत हेही तू दोनदा म्हणालीस. तुझा दादा मागून म्हणाला, आजीला सगळ्यांचाच संशय येतो. येतो. का येतो ते लिहिते. दोघांनी वाचा.

माझा डावा पाय लहानपणी तापात गेला हे तुम्हाला ठाऊक आहे. कुबडी साखरशेतच्या एका सुताराने सागाची करून दिली होती, आणि काखेत रुतू नये म्हणून आईने तिला जुन्या लुगड्याची गुंडाळी बांधली होती. घरात मात्र मी कुबडीशिवाय एका पायावरच हिंडत असे. म्हणून लंगडीच्या खेळात मला कोणी हरवू शकत नव्हतं. चौकोनात एका पायावर उड्या मारत समोरच्या संघातल्या मुलींना शिवायचं, एवढाच तो खेळ. दुसऱ्या मुली दमून पाय टेकायच्या. मी टेकणार काय?

मास्तरांनी मला संघात घेतलं तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. ते म्हणाले, "कुबडी जवळ असली की पाय आळशी होतो." म्हणून सरावाआधी ती त्यांच्या खोलीत जायची. कुलपात. पहिल्यांदा सराव संपेपर्यंत. मग मास्तरांचा चहा होईपर्यंत. मग त्यांच्या मनात येईपर्यंत. पाणी प्यायला विचारायचं. मोरीकडे जायला विचारायचं. घरी जायलाही विचारायचं. एकदा त्यांनी वेळेवर दिली नाही. मुलींनी तोंडं फिरवली. घरी परकर धुताना आईने काही विचारलं नाही.

वडिलांना मी सांगितलं. आमचं संस्थान भारतात विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. दरबारच्या कचेरीतले वडील आता सरकारी कारकून झाले होते, आणि ठाण्याहून येणारा प्रत्येक साहेब आपली नोकरी काढायलाच आला आहे असं त्यांना वाटे. मास्तर त्या साहेबांबरोबर बसणारे. वडील म्हणाले, "तुझ्याच भल्यासाठी करतात ते. बोलू नकोस कुठे." मी बोलले नाही.

पुढच्या वर्षी मास्तरांनी दाभोशाहून आणखी एक मुलगी आणली. माझ्याहून लहान, पाय माझ्यासारखाच, हातात बांबूची काठी. फार बोलायची नाही. मी तिला शिवायचं कसं ते शिकवायची. मला वाटायचं, ती शिकते आहे.

शाळेच्या संमेलनाच्या दिवशी पुन्हा तोच मांडव, तेच साहेब. खेळाआधी आम्ही दोघी कडेला उभ्या होतो. मास्तर आमच्याकडे आले. त्यांनी अजून काही म्हटलंही नव्हतं, तोच त्या पोरीने आपली काठी पुढे केली. आपण होऊन. मी कुबडी धरूनच ठेवली. तशी ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "ताई, देऊन टाक. दिली का लवकर सोडतात."

ती लंगडी शिकली नव्हती. हे शिकली होती.

मास्तरांनी माझ्या काखेतून कुबडी ओढून घेतली आणि हसत हसत मला चौकोनात ढकललं. मी मधोमध गेले आणि खाली बसले. मातीत. शिट्टी झाली. पुन्हा झाली. लोकांना वाटलं मी पडले. मास्तर आले, दंड धरून उठवू लागले. मी अंग टाकून दिलं. म्हणाले, "ऊठ. साहेब बघताहेत."

मी म्हणाले, "आधी कुबडी. तिची काठीपण."

मांडवात ऐकू गेलं. मास्तर सगळ्यांकडे बघून हसले, लाडावलेली आहे म्हणाले. वडील धावत आले, माझ्यापुढे हात जोडले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर उठले असते. मी तेच पुन्हा म्हणाले, आणि आणखी एकदा.

शेवटी साहेब कंटाळले. "अहो, द्या त्यांच्या काठ्या. चहा निवतोय." आम्हाला न्याय वगैरे कोणी दिला नाही, मुलांनो. चहा निवत होता.

मास्तरांनी दोन्ही आणून दिल्या तशी मी उठले, काठी त्या पोरीला दिली आणि दोघी मैदानाबाहेर चालत गेलो. मागे मास्तरांच्या गळ्यात हार पडला. मला संघातून काढलं. वडील कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मास्तरांना मोखाड्याला बढती मिळाली, चांगल्या शेऱ्यासह. तिथे कोणाची काठी कुलपात गेली, मला कधीच कळलं नाही. आजही गोड बोलणारा माणूस दिसला की मी आधी त्याच्या हाताकडे बघते.

मीनू, तुझे कोच तसे नसतीलही. पण खुर्ची म्हणजे तुझे पाय आहेत, आणि पाय कुलपात ठेवणाऱ्याला कारण विचारायचं असतं. तुला विचारता येत नसेल तर खेळू नकोस. जमिनीवर बसून राहा.

आणि मी तिकडे तुझ्या कोचना फोन लावणार आहे. इंग्रजी मला येतं. ते छान बोलतील, बोलू देत. किल्ली कोणाकडे असते, आणि मुलांनी मागितल्याबरोबर खुर्ची मिळते का, एवढंच मी विचारणार आहे. उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवणार नाही.