स्टिअरिंग कुणाच्या हातात होतं?

ती सकाळ इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. सोलापुरात मी तेव्हा फौजदार होतो. हजेरी उरकून नुकताच टेबलाशी बसलो होतो, तेवढ्यात गावातले एक नावाजलेले वकील टांग्यातून उतरून ठाण्यात आले. कपड्यांना धूळ, कोपराला खरचटलेलं.

"फौजदारसाहेब, विजापूर रस्त्यावर माझ्या मोटारीखाली एक म्हातारा सापडला. त्याला इस्पितळात पोचवलं आहे. मोटार मी चालवत होतो. माझा जबाब घ्या."

ठाण्यात असा माणूस क्वचित येतो. लोक आधी दुसऱ्याचं नाव सांगतात, मग नशिबाचं, आणि काहीच उरलं नाही तर स्वतःचं. मी जबाब लिहून घेतला. तेवढ्यात इस्पितळातून त्यांच्या पत्नीही आल्या. त्यांच्या लुगड्यावर रक्ताचे डाग होते. म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन त्या टांग्यात बसल्या होत्या. "ते म्हणतात तसंच झालं," एवढंच त्या बोलल्या.

सहीसाठी कागद पुढे केला. वकिलांनी टाक उचलला आणि हात अधांतरी थांबला. बाईंनी काही न बोलता कागदावर एका जागी बोट टेकवलं. त्या बोटाशी टाक टेकवून वकिलांनी सही केली. धक्का बसलेल्या माणसाचा हात कापतो, हे मी पाहिलं होतं. हा हात कापत नव्हता, जागा शोधत होता.

जागेवर जाऊन पंचनामा केला. दोन मोठी माणसं पुढे आणि दोन पोरं मागे मावतील एवढीच ती विलायती मोटार, गावात तिला 'बेबी' म्हणत. मिलमधला एक साहेब मायदेशी परतताना ती वकिलांना विकून गेला होता. ती रस्ता सोडून बाभळीवर आदळली होती. वाटेत सापडलेला म्हातारा मंद्रूपचा शेतकरी, आदल्या दिवशीचा बाजार करून पायी घरी निघालेला. मांडीचं हाड मोडलं होतं.

रस्त्याकडेला चहाचं एक छपराचं हॉटेल होतं. पंच निघून गेल्यावर हॉटेलवाल्यानं मला बाजूला बोलावलं.

"साहेब, वकीलसाहेबांनी काय सांगितलं मला म्हाईत न्हाय. पर स्टेरिंगवर बाई हुत्या. म्या ह्या डोळ्यानं बघितलं की."

"आज पहिल्यांदाच?"

"न्हाय वो. लई दिस झालं. रोज सकाळी ह्या रिकाम्या रस्त्यावर शिकत्यात. वकीलसाहेब शेजारी बसून असत्यात."

बाईंकडे परवाना नव्हता, हे मी कचेरीत तपासून घेतलं. वकिलांकडे होता. बायकोला वाचवायला नवरा पुढे आला, इतकी सरळ गोष्ट दिसत होती. पण ती तशी ठेवून चालणार नव्हतं. म्हाताऱ्याला ताप भरला होता आणि डॉक्टर खात्री देत नव्हते. तो दगावला असता तर बेदरकारपणे मोटार चालवून माणूस मारल्याचा खटला उभा राहिला असता. वकिलांची सनद गेली असती. ते सत्याग्रहींचे खटले फुकट चालवत, त्यामुळे आमचे वरचे साहेब त्यांच्यावर खार खाऊन होते.

"कबुली आहे ना?" साहेब म्हणाले. "मग अडलं कुठं? आरोपपत्र पाठवा."

"मोटारीची तपासणी बाकी आहे," मी म्हणालो. ती खरंच बाकी होती.

बैल जुंपून मोटार ठाण्याच्या आवारात ओढून आणली. पोलीस लॉरीची देखभाल पाहणारे हेडकॉन्स्टेबल आणि मी, दोघंही पोतं अंथरून खाली शिरलो. मोटारीचं काम मी त्यांच्याच जोडीनं शिकलो होतो. स्टिअरिंग हातानं नुसतं गरगर फिरत होतं, पुढची चाकं जागची हलत नव्हती. म्हणजे मधला एखादा दुवा सुटला होता. स्टिअरिंगच्या दांड्याखाली एक खोकं असतं, त्यातून एक तरफ बाहेर येते, तरफेला आडवी दांडी आणि ती दांडी चाकांना वळवते. प्रत्येक जोडावर लोखंडाचा गोळा वाटीत बसवलेला. धूळ जाऊ नये म्हणून त्यावर चामड्याची टोपी बांधलेली असते.

आम्ही एकेक टोपी सोडली, रॉकेलच्या बोळ्यानं जोड पुसले, हलवून पाहिले. खोकं ठीक होतं, तरफ ठीक होती. दांडीच्या टोकाशी आलो तेव्हा टोपीतून गोळा सुटा माझ्या तळहातावर पडला. त्याची मान मोडली होती.

"झाडावर आपटून मोडली असंल," हेडकॉन्स्टेबल म्हणाले.

तो तुकडा आम्ही उन्हात नेला. मोडलेल्या जागेचे दोन रंग होते. अर्धी बाजू काळपट, तिच्यात गंज आणि जुनं ग्रीस मुरलेलं. उरलेली अर्धी कोरी, चकचकीत. हेडकॉन्स्टेबलांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि स्वतःचंच म्हणणं मागं घेतलं. चीर जुनी होती, पहिल्या मालकाच्या वेळची असावी. टोपीखाली ती कुणाला दिसण्यासारखी नव्हती. त्या सकाळी शिल्लक राहिलेलं लोखंडही तुटलं आणि मोटार मोकाट सुटली. पंचांसमोर तुकडे मोहरबंद केले आणि पंचांना ताकीद दिली, बाहेर बोलायचं नाही.

बेदरकारपणाचा आरोप आता टिकणार नव्हता. पण सहीची जागा शोधणारा वकिलांचा तो हात मला आठवत होता. डोळ्यांनी अधू माणूस मोटार चालवत असेल, तर तो वेगळा गुन्हा झाला असता. खरं कळणं भाग होतं. दोघांना बोलावलं आणि वेगवेगळं बसवलं. कोण चालवत होतं, हे मी विचारलंच नाही.

वकिलांना म्हणालो, "मोटार रस्ता सोडत होती तेव्हा स्टिअरिंग हाताला कसं लागलं?"

"जाम झालं," ते लगेच म्हणाले. "सगळा जोर लावला, वळेना."

तोच प्रश्न बाईंना केला. त्यांनी नकळत दोन्ही हात समोर धरले.

"एकदम हलकं झालं. हातात काही उरलंच नाही. मी फिरवतेय, फिरवतेय, आणि मोटार आपली..."

त्या थांबल्या. हात खाली घेऊन पदरात लपवले.

मी वकिलांनाही तिथंच आत बोलावलं. तुकडे दाखवले, चीर कशी पडली ते सांगितलं. मग विचारलं, "वकीलसाहेब, आपल्याला दिसतं किती?"

बाईच म्हणाल्या, "समोर माणूस आहे एवढं कळतं. चेहरा दिसत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी आणखी कमी होईल म्हणून सांगितलंय. अशिलांना कळलं तर कोण येईल? बार्शी, अक्कलकोटच्या कोर्टांत यांना न्यायचं म्हणून मी शिकत होते."

"माझ्यापायी शिकत होती," वकील म्हणाले. "मग तुरुंगात तिनं का जायचं?"

"आणि यांनी एकट्यानं जायचं? तिथं यांना कोण हात धरून नेणार?"

आरोपी म्हणून बोलावलेली ती दोघं माझ्या खोलीत भांडत होती, आणि भांडण एवढंच की शिक्षा कुणी घ्यायची. मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

म्हाताऱ्याचा ताप उतरल्यावर मी इस्पितळात गेलो. बाई त्याच्या उशाशी बसून पेज भरवत होत्या. मी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं.

"कोण चालवत होतं, आजोबा?"

"मला कुटं दिसलं? मी पाठमोरा हुतो." मग हळूच म्हणाला, "पर तिला काय करू नगा, साहेब. रोज येती बिचारी. माज्या लेकीबी येवढ्या येत न्हाईत."

मी अहवाल आहे तसा लिहिला. मोटार बाई चालवत होत्या, परवाना नव्हता, आणि अपघात जोड तुटल्यामुळे झाला. वकिलांनी आपला जबाब दुरुस्त करून दिला. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मोहरबंद तुकड्यांपुढे त्यांचा इलाज नव्हता. बाईंनी कोर्टात उभं राहून परवान्याचा गुन्हा कबूल केला आणि दंड भरला. गावात चार दिवस चर्चा झाली. वकिलांच्या डोळ्यांची गोष्टही फुटली. काही अशील गेले. बरेचसे राहिले, कारण त्यांना वकिलांची जीभ हवी होती.

पुढे बाईंनी रीतसर परवान्यासाठी अर्ज केला. परीक्षा घ्यायचं काम माझ्याकडेच आलं. नवा जोड बसवलेली बेबी, मी पुढे शेजारी, आणि मागच्या पोरांच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन वकील. बाईंनी चढावर मोटार थांबवली, मागे घेतली, समोरून कडब्याची गाडी आली तिला वाट दिली. ठाण्याशी परत आल्यावर वकिलांनी मागून विचारलं, "साहेब, ती घाबरली होती का हो?"

"अजिबात नाही."

"मग बरं," ते म्हणाले. "मी फार घाबरलो होतो."

खोटं पकडणं हे पोलिसाचं काम, असं मला नोकरीच्या सुरुवातीला शिकवलं होतं. या प्रकरणात वकील, बाई आणि तो म्हातारा अशी तीन भली माणसं माझ्याशी खोटं बोलली आणि त्यात एकाचाही स्वतःचा फायदा नव्हता. त्यानंतर कुणी खोटं बोलतंय असं वाटलं की तो काय लपवतोय याआधी कुणासाठी लपवतोय, ते मी पाहू लागलो. पुष्कळ तपासांत त्याचा उपयोग झाला. घरीही झाला. माझी बायको आजारपणात "आज बरं वाटतंय" म्हणाली, की मी चप्पल घालून डॉक्टरांना आणायला निघत असे.