काळ्या चौकटीतला शंख

मच्छिंद्र पिढीजात पाथरवट. त्याच्या घराण्याचा नेम असा, की बायको गरोदर असताना देवाचे डोळे कोरायचे नाहीत, जिवाचा आकार असलेल्या दगडाला छिन्नी लावायची नाही. लावली तर पोटातलं पोर व्यंग घेऊन येतं. १९७८ साली कतारला कामावर आल्यावर त्याला वाटलं, इथे नेम मोडायची वेळच येणार नाही. वाळवंटात देव कोण घडवून घेणार?

मग अल रय्यानच्या एका बंगल्यात विलायतेहून फायरप्लेसची जुनी चौकट आली. या भट्टीसारख्या देशात शेकोटी कशाला, ते मालकच जाणे. काळाभोर संगमरवर, त्यात जागोजागी पांढरे शिंपले आणि वेटोळे घातलेले शंख. कोणी कोरलेले नव्हते. मरून दगड झालेले खरेच जीव होते. मच्छिंद्रने हात लावला आणि चटकन मागे घेतला. गावी त्याच्या बायकोला, फुलाबाईला, सातवा महिना होता.

चौकट भिंतीतल्या जागेपेक्षा बोटभर रुंद निघाली.

"भाई, दीवार काट लेता हूँ," तो म्हणाला.

"दीवार में पाइप है. पत्थर काट, यल्ला, जल्दी कर," सुपरवायझर रियाज म्हणाला.

नाही म्हणावं तर नोकरी जाणार. त्याने कापलं. पातं नेमकं एका शंखातून गेलं, आणि आत अंग मुडपून निजलेलं काहीतरी दिसलं.

चौकट बसली, पण बंगल्यातलं बाकीचं काम चालूच राहिलं. दमट दिवसांत दगडाला पाणी सुटे, ओल्या काळ्यावर सगळे जीव उजळत, आणि तो अर्धा शंख दर खेपेला जरा पुढे सरकलेला वाटे.

गावचा संपत रजेवरून परतला. "पोरगी झाली. धडधाकट हाय."

"सगळं अंग बघितलंस?"

संपत हसला. मच्छिंद्र हसला नाही.

दोन वर्षांनी रजेवर गेल्यावर त्याने पोरीला, सरोजला, उजेडात नेऊन उलटसुलट पाहिलं. कान, बोटं, पाठ. पोर किंचाळत आईकडे पळाली.

"काय हुडकताय तिच्या अंगावर?" फुलाबाईने विचारलं. पुढे प्रत्येक रजेत तेच. अहो, पोर ठणठणीत आहे हे दिसत होतं की! पण भीती एकदा डोक्यात शिरली, की डोळ्यांचं कोण ऐकतो?

सरोज शाळेत जाऊ लागली. बाप दारात दिसला, की ती आधी बाह्या मनगटापर्यंत ओढून घेई. एकदा तिने आईला हळूच विचारलं, "माझ्यात काय खोट हाय, आई?"