शेवटचं प्रकरण

नातीने आणलेल्या नव्या थरारकादंबरीच्या कोऱ्या पानांचा वास आला आणि शिंदखेड्याची ती शिक्षिका आठवली. धुळ्यातल्या आमच्या वाचनालयाने रहस्यकादंबऱ्यांची स्पर्धा घेतली होती आणि परीक्षक मी एकटाच होतो. माझी एक पद्धत होती. आधी पहिलं प्रकरण वाचायचं, मग थेट शेवटचं. सुरुवातीला ज्याचा संशय आला तोच खुनी निघाला, की कादंबरी बाद. स्पर्धेला आलेल्या तिच्या जाडजूड वहीवर मी लाल शाईने शेरा मारला, ‘खुनी पहिल्याच पानावर कळतो.’ निकालानंतर ती वही न्यायला भर उन्हात घरी आली. समोर ठेवलेलं पाणी तसंच राहिलं. शेरा वाचून ती एकदम घरच्या बोलीत म्हणाली, “नाना, बठ्ठं वाचं ना तुम्ही?” “सगळं, अक्षर न् अक्षर,” मी म्हणालो. “पण खुनी तर मी मुद्दामच आधी सांगितलाय,” ती म्हणाली. “गावाने त्याला का लपवलं, ते शोधायचं होतं.” मी चष्मा पुसत म्हणालो, “रहस्यकथा अशी नसते, ताई.” तिने वही मिटली. “तुम्ही सगळं वाचून म्हणताय, म्हणजे माझंच चुकलं असेल.” पुढे तिच्या नवऱ्याकडून कळलं, ती वही तिने बंबात घातली आणि पुन्हा काही लिहिलं नाही. ती आता हयात नाही, म्हणून निदान इथे नोंदवतो: तिचं काही चुकलं नव्हतं. मी तिची दोनच प्रकरणं वाचली होती, आणि त्यातलं शेवटचं तर नुसतं चाळलं होतं.