फ्रेंच प्रार्थनेत बुवा
आमसुलं वाळायला घातल्याचा आंबूस वास आला की मला आमचे शेजारी, भजनीबुवा आठवतात. बायको गेल्यापासून त्यांनी गाणं सोडलं होतं. भजनाची मंडळी बोलवायला आली की "देवाशी बोलणं बंद आहे माझं," म्हणून परत पाठवायचे. त्या मे महिन्यात मी ओटीवर बसून फोनवर फ्रान्समधलं एक प्रार्थनेचं समूहगान ऐकत होते. वाद्य एकही नाही, नुसते माणसांचे आवाज, एकावर एक चढत जाणारे. देवाशी माझं फारसं देणंघेणं नाही. मला कुतूहल होतं त्या सुरांचं. दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे आमसुलं परतणारे बुवा थबकले. "कोणाचं गो हे?" "हल्लीचाच संगीतकार आहे, बुवा. चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. श्रद्धेतूनच आपल्याला हे सुचतं, म्हणतो." "म्हंजे भजनच की," म्हणत ते गडग्याला टेकले. एका ओळीनंतर सगळे आवाज थांबले. चर्चमध्ये घुमलेला सूर विरेपर्यंत गायक थांबतात, हे मी सांगणार, तेवढ्यात बुवांनी डोळे मिटून तीच ओळ, शब्दांवाचून, खणखणीत उचलली. भजनात एक बाजू थांबली की दुसरीने ओळ उचलायची, ही त्यांची जन्माची सवय. पुढच्या थांब्यालाही त्यांनी तेच केलं. आता बुवा नाहीत. ते गाणं लावलं की त्या शांततेत माझा हात आवाज वाढवायला जातो. रेकॉर्डिंगमधून कुणीतरी गळलंय, असंच वाटत राहतं.